शेणाचा वास लागू नये म्हणून

मी एक जुनी आलिशान गाडी आहे. जुनी म्हणजे किती, तर पाच वर्षांची. हसू नका, मित्रांनो. पाच वर्षांची म्हैस असली तर लोक तिला तरणी म्हणतात आणि दारात येऊन भाव विचारतात. पाच वर्षांच्या पोराला तर अजून डाव्या-उजव्या चपलेतला फरक कळत नाही. पण पाच वर्षांच्या गाडीला सगळे जुनी म्हणतात, तिच्या दारावर टिचक्या मारून बघतात आणि सांगितलेल्या आकड्यातले दोन लाख आधी कापूनच बोलायला लागतात.

आत्मवृत्तात गोड बोलायची रीत असते, हे मला ठाऊक आहे. तुमच्या निबंधाच्या वहीत जुनी छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं आणि शेवटी सगळे हात जोडून म्हणतात, आमची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. माझी काळजी फार घेतली गेली. त्या काळजीचाच मला राग आहे आणि तो गिळून गोड बोलणं मला जमणार नाही.

माझे निम्मे भाग समुद्रापलीकडून पेट्यांत भरून आले आणि पुण्याजवळच्या एका कारखान्यात ते जोडले गेले. माझ्या इंजिनाची ताकद किती, ते सांगून तुम्हाला कंटाळा आणत नाही. एवढंच सांगते की गगनबावड्याचा घाट उतरून मी एका दमात परत चढून आले असते आणि मागच्या सीटवरच्या माणसाच्या हातातला चहा सांडला नसता. आले असते म्हणते, कारण ती वेळ कधी आली नाही. मला धावण्यासाठी बनवलं होतं, हे मात्र लक्षात ठेवा.

कोल्हापुरात एका मोठ्या शोरूममध्ये मला उभं केलं. वर दिवे, खाली आरशासारखी फरशी. तिथं एके दिवशी अमरसिंह आला. तो कसबा बावड्याचा, दूधवाल्यांच्या घरातला. आपली जुनी मोटारसायकल त्यानं लांब, रस्त्यापलीकडे लावली होती. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवायचे हूक होते आणि ते कुणाला दिसू नयेत, अशी त्याची धडपड होती.

मी त्याला नुसतं वाईट म्हणत नाही. त्याच्या मनात एक काटा होता. मित्रांनो, गाडीत बसून माणूस फोनवर जे बोलतो ते गाडीला ऐकू येतं, म्हणून मला हे कळलं. एका मोठ्या लग्नाला तो मोटारसायकलवरून गेला होता. कार्यालयाच्या रखवालदारानं त्याला पुढच्या फाटकावर अडवलं आणि दूध मागच्या दारानं स्वयंपाकघरात द्यायला सांगितलं. तो दूध द्यायला नव्हे, जेवायला आला होता. मागोमाग त्याचा वर्गमित्र पृथ्वीराज नव्या मोटारीतून आला, तर त्याच रखवालदारानं सलाम ठोकून फाटक उघडलं. अमरसिंह तसाच न जेवता घरी परतला आणि तेव्हापासून त्याला फक्त ते पुढचं फाटक दिसू लागलं.

विक्रेत्यानं त्याला माझ्यात बसवलं आणि म्हणाला की ही नुसती गाडी नाही, ही गुंतवणूक आहे. मला तोंड असतं तर मी तिथंच ओरडले असते. गुंतवणूक म्हणे! किंमत माझी अठ्ठावन्न लाख. पण शोरूमच्या दारातून माझं मागचं चाक बाहेर पडलं की मी नवी राहत नाही, वापरलेली होते. तिथूनच वळून मला परत त्याच दारात नेलं असतं, तर त्याच गोडबोल्या माणसानं तोंड वाकडं करून पन्नास म्हटलं असतं. हिशेबाच्या भाषेत याला घसारा म्हणतात. मी धावले तरी तो लागतो, नुसती उभी राहिले तरी लागतो. हे त्यानं सांगितलं नाही, आणि अमरसिंहनं विचारलंही नाही.

पैसा कुठून आला, तेही ऐका. अमरसिंहची आई चिमणाबाई. तिचा नवरा बाळासो वारला तेव्हा गोठ्यात दोन म्हशी होत्या. तिनं त्यांच्या आठ केल्या. रोज संध्याकाळी ती दोन म्हशी बावड्याच्या कट्ट्यावर नेऊन उभ्या करायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात द्यायची. तालमीतली पोरं रांग लावायची, ती हरणीच्या दुधासाठी. हरणी म्हणजे तिची सगळ्यात लाडकी म्हैस. तलवारीसारखी लांब शिंगं आणि तोऱ्यात चालणं.

गोठ्याला लागून तीन गुंठे मोकळी जागा होती, चिमणाबाईच्या नावावर. सून स्वप्नालीनं एका कॅलेंडरच्या पाठीमागे त्या जागेचा नकाशा काढून ठेवला होता. वीस म्हशींचा गोठा, पाण्याची टाकी, दूध थंड ठेवायचं यंत्र. सगळं पेन्सिलीनं आखलेलं. भोवती नव्या इमारती उठत होत्या, तसा त्या जागेला भाव आला होता. अमरसिंहनं ती विकायला काढली. स्वप्नाली दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. चिमणाबाईनं सही केली, कारण त्या लग्नातून लेक उपाशी परत आला होता हे तिला माहीत होतं आणि ते तिला सहन झालं नव्हतं. जागा तिची, पैसे तिच्या खात्यावर आले, म्हणून गाडीचे कागदही तिच्याच नावाने झाले. माझी मालकीण चिमणाबाई. हेही लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशी ती आरतीचं ताट घेऊन माझ्यासमोर आली. धार काढून थेट आली होती, पदर कमरेला खोचलेला. मला हळदीकुंकू लावलं. नारळ मात्र लांब दगडावर फोडायला लावला, करवंटीची कपची उडून रंगाला लागू नये म्हणून. मग तिनं माझ्या बॉनेटवरून हात फिरवायला पुढं केला, जसा ती हरणीच्या पाठीवरून फिरवायची.

"आई, हात नगं लावू. बांगडीचा वरखडा पडंल," अमरसिंह म्हणाला.

तिनं हात मागे घेतला आणि हसून विचारलं, एक फेरी मारून आणतोस काय?

"तू बसू नगंस आई. शेणाचा वास सीटला बसला की जात न्हाय. उद्या इकायची झाली तर गिऱ्हाईक पैल्यांदा वासच घेतंय."

"व्हय की," चिमणाबाई म्हणाली. "माझं काय, मी चालत जातो की."

आमच्या कोल्हापुरात बायकाही 'जातो', 'येतो' म्हणतात, त्यात काही नाही. पण ती ज्या सहजपणे ते बोलली आणि ताट घेऊन आत गेली, ते मला अजून खुपतं. जिची जमीन विकून मी आले, जिच्या नावावर मी होते, तिलाच माझ्यात बसायची बंदी. आणि कशासाठी? तर पुढं कधीतरी कुणीतरी परका माणूस मला विकत घेईल, त्याच्या नाकाला त्रास नको म्हणून. घरच्या माणसापेक्षा अजून न जन्मलेल्या गिऱ्हाइकाची काळजी जास्त!

त्याच धोरणानं माझ्या सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक कधी काढलं नाही. खाली मऊ कातडं होतं, पण ते कुणाच्या अंगाला लागलं नाही. अमरसिंह त्या प्लास्टिकवर घामानं चिकटून बसायचा आणि हललं की चरचर आवाज यायचा. पायातले बूट काढून आत यायचं, पाण्याची बाटली उघडायची नाही, काच खाली करायची नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी श्रीमंती.

पुढचं फाटक मिळालं का, असं तुम्ही विचाराल. मिळालं. तीन-चार लग्नांत मिळालं. रखवालदारानं सलामही ठोकला आणि अमरसिंहचा चेहरा त्या दिवशी इतका खुलला की माझासुद्धा राग थोडा उतरला. पण दीड वर्षात आमच्या कंपनीनं माझ्याच नावाची नवी गाडी काढली. दिवे जरा बारीक, नाक जरा मोठं, बाकी सारं तेच. पृथ्वीराजनं ती घेतली. एका जेवणावळीत त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "हे जुनं मॉडेल न्हवं काय रं?" झालं. त्या दिवसापासून अमरसिंह मला चौकात न्यायचं टाळू लागला. मी तीच होते. माझ्यात एक खिळासुद्धा ढिला झाला नव्हता. पण शेजाऱ्याच्या दारात नवं नाक आलं म्हणून माझी आब गेली, आणि किंमतही.

आता मला ठेवलं कुठं ते सांगते. बोळ अरुंद, त्यात ऊन-पाऊस. मोकळी जागा तर विकलेली. घराजवळ छप्पर असलेली एकच जागा होती, ती म्हणजे गोठा. म्हणून गव्हाणी फोडल्या, खडबडीत दगडी जमीन उखडून तिथं गुळगुळीत फरशी घातली आणि पुढं शटर बसवलं. मी आत गेले आणि म्हशी बाहेर आल्या. बोळाच्या कडेला पत्र्याचा आडोसा करून त्यांना बांधलं. आठ म्हशी तिथं मावेनात, म्हणून तीन लगेच विकल्या. त्यांच्या जागी मी, खायला काळ आणि भुईला भार.

हरणी रोज संध्याकाळी कट्ट्यावरून परत आली की सवयीनं शटरसमोर येऊन उभी राहायची. तिला वाटायचं, दार उघडेल. मी आतून तिचा श्वास ऐकायचे.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवतात, हे तुम्ही पाहिलं असेल. शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि मालकाच्या मोटारसायकलीमागून रस्त्यानं पळवतात. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा फाडफाड आवाज म्हशीला ओळखीचा असतो, त्या आवाजामागं ती धावते. पहिल्या पाडव्याला अमरसिंहला वाटलं, हरणीनं यंदा माझ्यामागं पळावं. सगळा बावडा बघायला उभा. मी निघाले, आणि माझं इंजिन इतकं मऊ की आवाजच नाही. हरणी जागची हलली नाही. त्यानं हॉर्न वाजवला, तिनं मान फिरवली. शेवटी स्वप्नालीनं घरातून ती जुनी मोटारसायकल आणली आणि फाडफाड आवाज करत पुढं गेली. हरणी शेपूट वर करून अशी सुटली की लोकांनी टाळ्या पिटल्या. मी रस्त्याच्या कडेला तशीच उभी. त्या दिवशी मात्र मला हसू आलं. जनावराला किंमत कळत नाही म्हणतात, ते साफ खोटं आहे.

पुढच्या वर्षांचं काय सांगू? मी फारशी बाहेर पडत नव्हते, कारण किलोमीटर कमी असले तर भाव चांगला येतो असं कुणीतरी अमरसिंहच्या डोक्यात भरवलं होतं. चिमणाबाईचं माहेर गगनबावड्याला. तिच्या भाच्याचं लग्न निघालं तेव्हा तिनं विचारलं, गाडी नेऊया काय. त्यानं पावसाचं, चिखलाचं, रस्त्यावरच्या खडीचं कारण सांगितलं. ती पिशवी घेऊन एसटीनं गेली आणि मी शटरच्या आत उभी राहिले. उभं राहूनसुद्धा माझा खर्च चालूच. विमा, सर्व्हिसिंग, बॅटरी, उभ्या उभ्या चपटे झालेले टायर. दर वर्षी एक म्हैस त्यात गेली. चिमणाबाई म्हणायची की माझी म्हस वाघानं खाल्ली असती तर निदान वाघ तरी दिसला असता. मी ते ऐकायचे. वाघ मीच होते, पण भूक माझी नव्हती.

चौथ्या वर्षीच्या आषाढातली सकाळ मी कधी विसरणार नाही. पाऊस चार दिवस लागून राहिला होता. बोळातलं काँक्रीट शेणमुतानं आणि पाण्यानं बुळबुळीत झालेलं. गोठ्यातली जुनी खडबडीत जमीन असती तर म्हशीचा खूर ठरला असता. चिमणाबाई हरणीची धार काढायला बसली आणि हरणीचा मागचा पाय घसरला. तिचं सगळं वजन चिमणाबाईच्या पावलावर आलं. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती मागं कलंडली. पाय रक्तानं भरला आणि अंग शेणानं.

स्वप्नालीनं तिला उचलून भिंतीशी बसवलं आणि शटर वर केलं. "गाडी काढा," ती अमरसिंहला म्हणाली.

त्याच्या हातात किल्ली होती. मी जागी झाले होते, माझे दिवे लागले होते. दवाखाना पाच मिनिटांवर. मित्रांनो, त्यासाठीच तर मी बनले होते.

त्यानं आईकडे पाहिलं, मग माझ्या सीटकडे. "असं आत घेतलं तर समद्याची वाट लागंल. रिक्षा बोलवतो, आलीच बघ," तो म्हणाला.

पावसात रिक्षा यायला अर्धा तास गेला. तोवर चिमणाबाई ओल्या भिंतीला टेकून बसली होती, माझ्यापासून सहा हातांवर. माझ्या आत थंड हवा होती, गरम होणारी सीट होती, अपघातात फुगून माणसाला वाचवणाऱ्या आठ पिशव्या होत्या. सगळ्या कोऱ्या. शेवटी इमामभाईंची रिक्षा आली. त्यांनी काही विचारलं नाही. गळ्यातला टॉवेल काढून तिच्या पायाखाली घातला, तिला शेणासकट उचलून आत ठेवलं आणि निघाले. त्या तीन चाकांसमोर मला माझ्या चार चाकांची लाज वाटली.

चिमणाबाईची दोन बोटं काढावी लागली. ती लवकर दवाखान्यात पोहोचली असती तर बोटं वाचली असती का, ते मला माहीत नाही. डॉक्टरही तसं काही बोलले नाहीत. पण अमरसिंह त्या दिवसानंतर माझ्याजवळ आला की आधी खाली फरशीकडे बघायचा.

तिला आता उकिडवं बसता येईना आणि हरणी दुसऱ्या हाताला दूध देईना. स्वप्नाली बसली की ती पान्हा चोरायची, लाथ झाडायची. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी स्वप्नालीनं सासूचं जुनं लुगडं नेसलं, तिच्यासारखाच पदर खोचला, तिच्यासारखीच जीभ टाळूला लावून टक-टक आवाज काढत खाली बसली. हरणीनं मागं वळून वास घेतला. ओळखीचा वास. मग तिनं पान्हा सोडला आणि बादलीत धार वाजू लागली. ज्या वासाला माझ्यात जागा नव्हती, त्याच वासावर ते घर चाललं होतं. चिमणाबाई काठी टेकून दारात उभी राहून ते बघत होती. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

पाचवं वर्ष सरत आलं तेव्हा घरात उरली होती हरणी आणि तिची एक रेडी. इतकं होऊनही मी गोठ्यातच होते, आणि पेंडीची पोतीही तिथंच. पेंडीला उंदीर आले. पेंड संपली की उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. मी चालत होते, पण समोर चार लाल दिवे पेटून राहायचे. दुरुस्तीला दोन लाख चाळीस हजार सांगितले. अमरसिंहनं दुसऱ्या दिवशी जनावरांच्या व्यापाऱ्याला फोन लावला. हरणीचे एक लाख ऐंशी हजार ठरले. रेडीही धरली तर दोन लाखांच्या वर जात होते. गुरुवारी सकाळी टेम्पो येणार होता.

त्या गुरुवारी स्वप्नाली लुगडं नेसून धारेला बसली होती. चिमणाबाई काठीनं चालत शटरपाशी आली. पाय शेणानं भरलेले.

"दार उघड," ती अमरसिंहला म्हणाली.

त्यानं शटर उघडलं.

"शटर न्हवं. गाडीचं."

त्यानं ते उघडलं. ती पुढच्या सीटवर बसली, पहिल्यांदाच, आणि प्लास्टिकवरून घसरली. ती म्हणाली की हे आधी काढ. अमरसिंहनं प्लास्टिक ओढलं. पाच वर्षं ते चिकटून राहिलं होतं, फाटताना मोठा आवाज झाला. तिचा तळहात माझ्या कातड्यावर टेकला. सालपटं निघालेला, दुधाचा वास असलेला तो हात माझ्या अंगाला तेव्हा लागला.

"आता चल. कुठं इकत्यात ती बघू. कागुद माझ्या नावचा हाय, सही मी करतो. हरणी कुठं जाणार न्हाय."

अमरसिंह सुकाणूमागं येऊन बसला. मग त्यानं व्यापाऱ्याला फोन करून टेम्पो आणू नका म्हणून सांगितलं आणि मला सुरू केलं.

जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या कामिलभाईंचं आवार बावड्यापासून चार किलोमीटरवर. पावसाची भुरभुर होती. चिमणाबाईनं काच खाली करायला लावली आणि कोपर बाहेर टेकून बसली. कट्ट्यावरच्या दोन बायकांनी तिला ओळखून हात केला. खड्डा आला तर तिला कळलासुद्धा नाही, इतकी मी जपून नेत होते. थोडं पुढं गेल्यावर तिनं लेकाला विचारलं, "ही गगनबावड्यापतुर गेली असती?"

"गेली असती," अमरसिंह म्हणाला.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रवास तो होता. चार किलोमीटरचा.

कामिलभाईंनी मला भोवती फिरून पाहिलं, लाल दिवे पाहिले, उंदरांचं काम पाहिलं आणि बावीस लाख सांगितले. अमरसिंह उसळला. अठ्ठावन्नाची गाडी, जेमतेम नऊ हजार किलोमीटर चाललेली, आज सकाळपर्यंत सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं, असं तो सांगू लागला.

"प्लास्टिक ठेवलं म्हणून साल थांबत न्हाय, अमरदादा," कामिलभाई शांतपणे म्हणाले. "चालवली असती तर यातनं दीड-दोन लाख कमी केलं असतं, बास. बाकीचं कॅलेंडरनं खाल्लंय."

अमरसिंहनं मग माझ्या आत बघितलं. पायाखालच्या चटईवर शेणाचे दोन ठसे होते आणि वासही सुटला होता. त्यानं अंदाज घेत विचारलं, या वासाचे किती कापणार?

कामिलभाई हसले. "वासाचं? त्यो धुऊन जातोय की. चार हजारांत आतनं बाहेरनं चकाचक करून देत्यात. त्याचं काय कापायचं?"

मित्रांनो, हे ऐकून अमरसिंह आवाराच्या कट्ट्यावर जाऊन बसला. पाच वर्षं आईला बाहेर ठेवून त्यानं वाचवले होते चार हजार रुपये. आणि हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं. चिमणाबाईनं एकेक अक्षर जोडत सही केली. मग काठी टेकून लेकाजवळ गेली आणि म्हणाली, "ऊठ. धारंचा वकुत झाला." घरी ते रिक्षानं गेले.

स्वप्नालीच्या नकाशातली ती तीन गुंठे जागा परत मिळाली नाही. तिथं चार मजली इमारत उभी आहे आणि आता तसल्या जागेला दुप्पट भाव आहे. बावीस लाखांत जे बसलं ते त्यांनी केलं. गोठ्यातली फरशी उखडली, गव्हाणी बांधल्या आणि तीन म्हशी आणल्या. हरणी आपल्या जुन्या जागेवर बांधली जाते. हे मला कामिलभाईंच्या बोलण्यातून कळलं, कारण ते आता रोज हरणीचं दूध नेतात.

मी अजून आवारात उभी आहे. मला गिऱ्हाइकं बघून जातात, दार उघडतात आणि नाक आत घालतात. धुलाईवाला सोमवारी येणार आहे. शेणाचा वास तो काढून टाकील आणि मी पुन्हा कोऱ्यासारखी दिसेन. मला तो वास जायला नको आहे, पण मला कोण विचारतं?

तुम्ही मोठे व्हाल, पैसे मिळवाल, माझ्यासारखी गाडी बघायला शोरूममध्ये जाल. कोरी घ्यायची की माझ्यासारखी उतरलेली घ्यायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी किंमत उतरणारच आहे, ती कुणाच्या बापाला थांबवता येणार नाही. तेव्हा विकणाऱ्या माणसाला एवढंच सांगा की आमची आई बाहेर उभी आहे, तिच्या पायांना शेण लागलं आहे आणि ती आत्ता आत बसणार आहे. हे सांगताना तुमची जीभ अडखळली, तर मित्रांनो, तशीच मागं फिरा आणि मला हात लावू नका.